पडलेल्या सवंगड्याची सावड

संक्रांत झाली की गावोगावची पोरे सायकली पुसून, तेलपाणी करून बाहेर काढतात. कुणी जेजुरीला जातो, कुणी पंढरीला, कुणी जवळच्या किल्ल्यावर. हवा थंड असते, रस्ते कोरडे असतात, खरिपाचा माल घरात आलेला असतो. आता दारोदार मोटारसायकली झाल्या, तरी सायकलची हौस काही गेलेली नाही. आई भाकरी-चटणीचे गाठोडे बांधून देते, वडील ‘सांभाळून जा रे’ म्हणतात आणि पोरे निघतात.

निघताना सारे ठरलेले असते. मुक्काम कुठे, जेवण कुठे, पंप कोणाच्या सायकलला, पंक्चरचे सामान कोणाच्या पिशवीत. चाक पंक्चर झाले तर काय करायचे, हे चौघांपैकी चौघांनाही ठाऊक असते. माणूस पडला तर काय करायचे, हे मात्र एकालाही ठाऊक नसते. वाचकहो, आज त्याविषयीच चार गोष्टी तुमच्यापुढे ठेवायच्या आहेत. घरातल्या पोरांना हे वाचून दाखवा, आणि वडीलधाऱ्यांनीही वाचा. कारण पडणारा एक असतो, पण उचलणारे हात पुष्कळ लागतात.

पसरणीच्या घाटात

वाईकडच्या एका गावातले हे चार मित्र. नावे मुद्दाम देत नाही. एक घरची शेती करणारा; पंधरा गुंठे हळद आणि दोन म्हशी त्याच्याच जिवावर. दुसऱ्याचे सायकल दुरुस्तीचे दुकान. तिसरा दूध डेअरीवर मापाला. चौथा कॉलेजात शिकणारा. चौघे सायकलवरून प्रतापगडाला गेले. वाईहून पाचगणी अवघी १२-१३ किलोमीटर, पण तेवढ्यात सुमारे ६०० मीटरची चढण आहे. पसरणीचा घाट चढताना चौघांचे दम निघाले, तरी कुणाला खरचटलेदेखील नाही. गड पाहून झाला आणि तिसऱ्या दिवशी परतताना त्याच घाटात, उतारावर, शेतीवाला पडला.

हे ध्यानात ठेवा. चढण माणसाचा दम काढते, हाड मोडते ते उतारावर.

वळणावर समोरून एक गाडी जरा आत आली. त्याने घाबरून पुढचा ब्रेक एकदम आवळला. खाली बारीक कच सांडलेली होती. पुढचे चाक जागीच थांबले, मागचे उचलले गेले आणि गडी हँडलवरून पुढे फेकला गेला. पडणारा माणूस हात पुढे टेकतो, तो त्याचा स्वभावच आहे. सारा भार तळहातावरून मनगटात, मनगटातून दंडात आणि दंडातून खांद्यात चढतो. त्या वाटेवर जे हाड आधी हार खाते ते मोडते. कुणाचे मनगट जाते. कुणाचे मानेखालून खांद्याकडे जाणारे आडवे हाड जाते. डॉक्टर त्याला कॉलरबोन म्हणतात. या गड्याचे तेच मोडले. तो उठून बसला, पण डाव्या हाताचे कोपर उजव्या हाताने उचलून धरले आणि मान डावीकडे झुकवली. हे हाड मोडलेला माणूस बहुधा असाच बसतो.

पहिला अर्धा तास

अशा वेळी तिघेही पडलेल्याभोवती गोळा होतात आणि मागून येणाऱ्या गाडीखाली चौथ्यासकट सापडायची पाळी येते. इथे तसे झाले नाही. कॉलेजातल्या पोराने प्रथमोपचाराचे धडे घेतले होते. त्याने दुकानवाल्याला वरच्या वळणावर पिटाळले, लाल टॉवेल हलवून गाड्या हळू करायला. डेअरीवाल्याला सायकली कडेला घ्यायला लावले. स्वतः जखमीपाशी बसला. तिघांनी तीन कामे वाटून घेतली, एवढ्यानेच निम्मा धोका टळला.

मग त्याने जे विचारले ते तुम्हीही विचारा. ‘तुझं नाव काय? आपण कुठे आहोत? कसा पडलास?’ उत्तरे सरळ आली तर ठीक. बोलणे अडखळले, झोप येऊ लागली, उलटी झाली, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आले, एकाच बाजूचा हात-पाय लुळा वाटला, तर डोक्याला मार आहे असे समजा आणि क्षणभरही दवडू नका. मान किंवा पाठ दुखते म्हणाला, पायांना मुंग्या आल्या म्हणाला, तर त्याला बसवू नका, उचलू नका, डोके आहे तसे धरून ठेवा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहा. चौघांनी हातपाय धरून झोळीसारखे उचलल्याने पाठीचा मणका सरकतो, आणि चालता माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून घट्ट दाबून धरा. सारखे उघडून पाहू नका. खरचटलेल्या जागी माती-कच असेल तर पिण्याच्या पाण्याने धुऊन काढा. हाताला लागले असेल तर अंगठी, कडे, घड्याळ, बांगड्या लागलीच उतरवा. सूज चढली की त्या रुततात. या गड्याच्या गळ्यात मफलर होता. त्याचीच झोळी करून हात छातीशी बांधला, तळवा कोपरापेक्षा थोडा वर राहील असा. बांधल्याबरोबर दुखणे निम्मे झाले. हाड हलायचे थांबले की दुखणेही थांबते.

आणखी एक. सायकलच्या हँडलचे टोक पोटात बसले असेल, तर वरून काही दिसत नाही. आत यकृताला किंवा प्लीहेला इजा होऊन रक्त साचू शकते. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष जपा. पडल्यावर काही तासांनी पोट दुखू लागले, पोर पांढरे पडले, घाम सुटला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा देत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

ओढाओढी नको, पाणी नको, चुना नको

दुकानवाला परत आला आणि म्हणाला, ‘खांदा निसटलाय वाटतं. एक झटका देतो, बसंल जाग्यावर.’ वाकडी रिम सरळ करणारा हात त्याचा. त्याची माया खरी होती. पण सायकलची रिम वेगळी आणि मित्राचे हाड वेगळे. मोडलेले हाड ओढले तर त्याचे टोक शेजारच्या शिरेत किंवा नसेत घुसते. कॉलेजातल्या पोराने त्याचा हात धरला, हे बरे झाले.

घोटभर चहा द्यावा, पाणी पाजावे, असेही सगळ्यांना वाटते. देऊ नका. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामे असलेले बरे. दारूचा घोट तर मुळीच नको. माणूस दारूने झिंगला की डोक्याच्या माराने झिंगला, हे डॉक्टरांनाही कळेनासे होते.

जखमेवर हळद, चुना, तंबाखू, चहाची पूड, शेणमाती यांपैकी काहीही भरू नका. जखम धुवायला डॉक्टरांना आधी तेच खरवडावे लागते. आणि धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका. रस्त्यावरची माती, त्यातही जनावरांच्या वाटेवरची माती, धनुर्वाताचे घरच आहे.

हाड बसवणाऱ्याकडे नेण्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. पुष्कळांच्या घरी त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे. पण बांबूच्या कामट्यांनी हात करकचून आवळला आणि रक्त पुढे जायचे थांबले, तर सुमारे सहा तासांत आतले मांस मरू लागते. मग हाड जुळते, पण हात जातो. पट्टी कुणीही बांधलेली असो, अगदी दवाखान्यातले प्लॅस्टर असो, बोटे निळी किंवा पांढरी पडली, गार झाली, बधिर झाली, बोटे सरळ करताना असह्य कळ आली, तर रात्र असो की पहाट, जाऊन ती सैल करून घ्या. ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

गाडी थांबवायला भिऊ नका

या चौघांच्या नशिबाने पाचगणीहून स्ट्रॉबेरी घेऊन उतरणारा टेंपो थांबला. गडी शुद्धीवर होता, मान-पाठ दुखत नव्हती, बसता येत होते, म्हणून त्याला केबिनमध्ये बसवून वाईला नेणे चालले. तसे नसते तर १०८ क्रमांक लावूनच थांबायला हवे होते. ही मोफत रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. फोन लावाल तेव्हा घाटाचे नाव, कोणते गाव मागे टाकले, जवळचे देऊळ किंवा किलोमीटरचा दगड आणि जखमी किती, हे आधी सांगा.

थांबलेल्या एका टेंपोआधी दोन गाड्या न थांबता गेल्या. लोक दगडाच्या काळजाचे नसतात. पोलीस ठाण्याच्या खेट्यांना भितात. ही भीती आता सोडून द्यायला हवी. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्कामोर्तब केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद झाली. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यासाठी खटला होत नाही, आणि नाव-पत्ता द्यायची सक्तीही करता येत नाही. तुम्ही ट्रॅक्टर, जीप, टेंपो काही चालवत असाल, तर हे वाक्य पाठ करून ठेवा.

घरी कसे सांगावे

दवाखान्यात फोटो काढला. हाड दोन तुकडे झाले होते, पण टोके फार सरकली नव्हती. ऑपरेशन नको, झोळी बांधून सहा आठवडे विश्रांती, असे डॉक्टरांनी सांगितले. या हाडाच्या बहुतेक मोडी अशाच जुळतात. टोके खूप दूर गेली किंवा कातडी फाडू पाहत असली, तर मात्र शस्त्रक्रिया लागते.

आता घरी कळवायचे होते. कुणी म्हणाले, सांगूच नका, घेऊनच जाऊ. कुणी म्हणाले, ‘किरकोळ लागलंय’ म्हणा. डेअरीवाल्याने फोन हातात घेतला आणि सरळ सांगितले, ‘काका, तो शुद्धीवर आहे, बोलतो आहे. डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलंय. डॉक्टरांनी पाहिलंय. आम्ही तिघं त्याच्याजवळ आहोत. घ्या, त्याच्याशी बोला.’

यापेक्षा चांगला निरोप नाही. आधी जीव सुखरूप आहे ते सांगावे, मग काय लागले ते, मग जवळ कोण आहे ते, आणि शक्य असेल तर जखमीचाच आवाज ऐकवावा. अर्धवट निरोप घरी पोचला की आईच्या मनात नको ते उभे राहते.

‘हळद कोण काढणार? तुम्ही?’

पुष्कळ मित्रांचे काम इथे संपते. दवाखान्यात नेले, घरी पोचवले, दोनदा भेटायला गेले, झाले. खरे तर शेतकऱ्याच्या घरातली अडचण इथून सुरू होते. नोकरदाराचा हात मोडला तर तो रजा टाकतो. म्हैस रजा देत नाही आणि हळदीचा पाला वाळला की काढणीही फार दिवस थांबत नाही.

तिघे त्याला घेऊन दारात आले तेव्हा वडील चिडलेले होते. म्हणाले, ‘तुमच्या नादानं गेला. आता हळद कोण काढणार? तुम्ही?’ डेअरीवाला म्हणाला, ‘आम्हीच.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिघे कुदळी घेऊन शेतात हजर. नऊपर्यंत खणायचे, मग ज्याचे त्याने आपल्या कामाला जायचे. दोन दिवस वडील त्यांच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बांधावर उभे राहून बघत होते, ते खाली उतरले आणि म्हणाले, ‘असं नाही रे, कंद कापला जातोय. जरा लांबून कुदळ घाल.’ तिथून राग उतरला. दोन रविवारी गावातली आणखी आठ-दहा पोरे आली. जेठे गड्डे, हळकुंडे निवडून झाली, हळद शिजली, खळ्यावर वाळत पडली. त्या रविवारी घरच्यांनी सगळ्यांना जेवू घातले.

आपल्या वाडवडिलांनी याला नाव देऊन ठेवले आहे. कुठे सावड म्हणतात, कुठे पैरा. तुझ्या शेतावर आज मी, माझ्या शेतावर उद्या तू. एकाच्या रानात साऱ्या गावाच्या जोड्या जुंपायच्या आणि त्याने जेवण द्यायचे, ती इर्जिक. ट्रॅक्टर आले, मजुरी रोखीत आली, तशी ही रीत मागे पडली. पण कोणाचा हात मोडला की कळते, ती किती शहाणपणाची होती.

म्हशीचे काम मात्र कुदळीइतके सोपे नव्हते. डेअरीवाला रोज शेकडो लिटर दूध मोजणारा, पण परक्या हाताला म्हैस पान्हा सोडेना. शेवटी गळ्यात झोळी अडकवलेला धनी तिच्या मानेशी उभा राहिला, चांगल्या हाताने तिला खाजवू लागला, बोलू लागला. मग ती पान्हावली. सहा आठवडे दोघांनी मिळून दोन्ही वेळा धार काढली.

मदत घेणाऱ्याचेही मन सांभाळा

पडलेल्या माणसाला दुखण्यापेक्षा एक गोष्ट जास्त टोचते, ती म्हणजे आपले काम दुसरे करताहेत आणि आपण खाटेवर आहोत. हा गडीही आठवडाभरात चिडचिडा झाला. भेटायला येणारे ‘अमक्याचा हात वाकडाच राहिला’ असल्या गोष्टी सांगून भर घालीत. (भेटायला जाल तेव्हा असल्या गोष्टी घरी ठेवून जा.) दुकानवाल्याने तोड काढली. म्हणाला, ‘मी सकाळी तुझ्या रानात असतो, दुकान बंद राहतं. तू गल्ल्यावर बस.’ एका हाताने हवा भरता येत नाही, पण हिशेब लिहिता येतो. सावड लागलीच फिटू लागली आणि गड्याच्या तोंडावर हसू आले. ज्याला मदत करता त्याच्याकडूनही काहीतरी मागा. त्याने त्याचा मान राहतो.

चौथ्या आठवड्यात दुखणे थांबले तेव्हा तो कुदळ उचलायला निघाला. अशा उतावळ्यांसाठी एक खरी गोष्ट सांगतो. इटलीत देशभर फिरणारी मोठी सायकल शर्यत असते. १९५६ साली तिच्यात फिओरेंझो माग्नी नावाच्या नामांकित सायकलपटूचे हेच डावे हाड मोडले. तो शर्यत सोडीना. डाव्या हाताने हँडल ओढता येईना, म्हणून हँडलला रबरी ट्यूबचा तुकडा बांधून त्याचे टोक त्याने दातांत धरले आणि चढण चढला. काही दिवसांनी तो पुन्हा पडला आणि दंडाचे हाडही मोडून बसला. तरीही शेवटी दुसरा आला. टाळ्या वाजवण्यासारखी गोष्ट आहे, नक्कल करण्यासारखी नाही. हाड दुखायचे थांबते ते जुळले म्हणून नव्हे, जुळू लागले म्हणून. मोठ्या माणसाचे हे हाड पकडायला सहा आठवडे तरी लागतात आणि पोते उचलण्याइतके बळ यायला तीन महिनेही लागू शकतात. मधल्या काळात बोटे, मनगट, कोपर डॉक्टर सांगतील तसे हलवत राहावे, नाहीतर सांधे आखडतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे हाड उशिरा जुळते, हेही त्याला मित्रांनीच सांगावे. घरच्यांचे कोण ऐकतो?

अपघातात डोळा किंवा हातपाय कायमचा गमावण्याची वेळ आली, तर शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तालुका कृषी कार्यालयात वेळेवर चौकशी करा. साध्या मोडीला ती लागू नाही. तिथे सावडच कामाला येते.

निघण्याआधी

पोरांनो, पुढच्या वेळी निघताना एवढे करा. आदल्या दिवशी दोन्ही ब्रेकची रबरे पाहा. झिजली असतील तर बदला. उतारावर वेग आधीच कमी ठेवा, मागचा ब्रेक मुख्य धरा आणि पुढचा हलक्या हाताने, दाबून-सोडून. लांब उतारावर मध्ये थांबा, रिम तापलेली असते. दोन सायकलींत चांगले अंतर ठेवा. डोक्याला हेल्मेट घाला; टोपीने डोके झाकते, वाचत नाही. पिशवीत स्वच्छ कापड, पट्टी, साबण, पाणी आणि एक मोठे उपरणे असू द्या. प्रत्येकाच्या खिशात घरचा फोन क्रमांक कागदावर लिहिलेला असू द्या, कारण मोबाइलही माणसाबरोबरच पडतो.

आणि वडीलधाऱ्यांनो, कुणी पडला म्हणून सायकली माळ्यावर टाकू नका, मित्रांना दार बंद करू नका. पोर जाताना फक्त ‘कुठे जातोस’ एवढेच विचारू नका, ‘कोणाबरोबर जातोस’ हेही विचारा. वाईच्या त्या वडिलांनी यंदा हळदीची पट्टी आली तेव्हा तिघांना मजुरी देऊ केली. तिघांनी घेतली नाही. म्हणाले, ‘काका, आमचीपण भाताची लावणी असते. तेव्हा धाडा त्याला.’